फोटो अपलोड होत नाही? आधी एरर कोड बघा

तुमच्या सर्व्हरवरच्या वर्डप्रेस साइटवर फोटो चढत नसेल, तर लगेच सेटिंग बदलायला धावू नका. ब्राउझरमध्ये एफ-12 दाबून नेटवर्क टॅब उघडा, फोटो पुन्हा चढवा आणि सर्व्हर कोणता कोड देतो ते बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरकडून 413 (म्हणजे 'फाइल फार मोठी') आला तर फोटो पीएचपीपर्यंत, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिच्यापर्यंत, पोचलेलाच नाही. एनजिनएक्सची 'क्लायंट मॅक्स बॉडी साइज' ही मर्यादा मुळात फक्त 1 एमबी असते. एनजिनएक्सच्या कॉन्फिग फाइलमधल्या सर्व्हर ब्लॉकमध्ये ती 20 एमबी करून एनजिनएक्स रीलोड करा. पीएचपीत एका फाइलची मर्यादा मुळात 2 एमबी आणि पूर्ण पोस्टची (एका वेळी पाठवलेल्या सगळ्या डेटाची) 8 एमबी. दोन्ही वाढवा, पण पोस्टची फाइलपेक्षा जास्तच हवी. नवखे हमखास अडकतात ते इथे: कमांड लाइनची पीएचपी-आयएनआय (सेटिंगची) फाइल वेगळी, एफपीएमची, म्हणजे वेबसाइटसाठी पीएचपी चालवणाऱ्या सेवेची, वेगळी. एफपीएमची बदला आणि एफपीएम रीस्टार्ट करा, नाहीतर काहीच फरक पडणार नाही.

अगदी छोटा फोटोही जात नसेल तर परवानग्या तपासा. उबुंटूवर वर्डप्रेसचं अपलोड्स फोल्डर सहसा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या (वेब सर्व्हर ज्या नावाने चालतो त्या) युजरच्या मालकीचं लागतं. परवानगी फोल्डरना 755, फाइलींना 644, म्हणजे लिहिता येतं फक्त मालकाला. कृपा करून 777 देऊ नका, सर्व्हरवरच्या कुणालाही तिथे लिहिता येतं. डिस्क भरली नाही ना, तेही बघा.

फाइल जाते पण थंबनेल (फोटोची छोटी प्रत) बनताना 500, म्हणजे सर्व्हरच्या आतली चूक, येतो? बहुधा मेमरी कमी पडतेय. 6000 बाय 4000 पिक्सेलचा जेपेग डिस्कवर 5 एमबीचा असला, तरी उघडल्यावर 2.4 कोटी पिक्सेल गुणिले 4 बाइट, म्हणजे सुमारे 96 एमबी खातो. पीएचपीची मेमरी लिमिट 256 एमबी करा, किंवा फोटोच आधी 2560 पिक्सेलपर्यंत लहान करून चढवा.