थोडासा बर्फ पडला तरी मनालीकडचे रस्ते का ठप्प होतात, आणि तिथले चालक गाडी कशी चालवतात?

डिसेंबरच्या अखेरीस पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन कुटुंबासह मनालीला जाण्याचा तुमचा बेत आहे, आणि वीतभर बर्फ पडला की शेकडो गाड्या रात्रभर अडकल्याच्या बातम्या वाचून तुम्हाला दोन प्रश्न पडले आहेत : इतक्याशा बर्फाने रस्ता बंद का पडतो, आणि वर्षानुवर्षे तिथेच गाडी चालवणारी माणसे कशी निभावतात. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. स्थापत्य अभियंता म्हणून कुल्लू खोऱ्यातल्या एका बांधकामावर मी सहा हिवाळे काढले आणि त्या काळात मनाली, पलचान, सोलंग, धुंडी आणि अटल बोगद्यापलीकडचे सिस्सू या पट्ट्यात मला वारंवार गाडी न्यावी लागली. त्या अनुभवावर आणि थोड्याशा गणितावर हे उत्तर आधारलेले आहे.

रस्ता बहुधा बर्फाच्या जाडीमुळे बंद पडत नाही, तर चढावर थांबलेल्या पहिल्या गाडीमुळे बंद पडतो. बर्फ यंत्राने बाजूला सारता येतो, पण एकामागे एक उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या रांगेतून यंत्र पुढे सरकूच शकत नाही, आणि मग बर्फ पडत राहतो, रांग वाढत राहते आणि अंधार होतो. ही पहिली गाडी का थांबते हे नीट समजले, तर तिथले चालक जे काही करतात त्याचे कारण आपोआप कळते.

कोरड्या डांबरावर टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकड किती हे सांगणारा आकडा, साधारण ०.७ असतो. दाबून बसलेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि गोठलेल्या गुळगुळीत थरावर ०.१ किंवा त्याहूनही खाली जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर कोरड्या रस्त्यावर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला ३१ मीटर लागतात आणि गुळगुळीत बर्फावर ६० मीटरहून अधिक. चालकाच्या पायाला ब्रेकवर पोहोचण्यास जो एखादा सेकंद लागतो, त्यात आणखी ११ मीटर जातात. हे सारे सपाट रस्त्याचे हिशेब आहेत.

चढउतारावर मामला याहून बिकट होतो. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची वाढते असा चढ घेतला, तर त्यावर गाडी नुसती उभी राहण्यासाठीसुद्धा घर्षणाचा गुणांक ०.१ पेक्षा जास्त हवा. म्हणजे गुळगुळीत बर्फावर चारही चाकांचे ब्रेक घट्ट दाबलेली, इंजिन बंद केलेली गाडी आपोआप खाली घसरू शकते, आणि मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. तोच चढ चढायचा असेल तर गरज आणखी वाढते, कारण आपल्या बहुतेक गाड्यांची फक्त दोन चाके ओढतात आणि त्यांच्यावर गाडीचे साधारण निम्मेच वजन असते. त्यामुळे चढायला ०.२ च्या आसपास पकड लागते, जी दाबलेल्या बर्फावर जेमतेम मिळते. चालक घाबरून अॅक्सिलरेटर दाबतो, चाके जागच्या जागी गरगर फिरतात, त्यांच्या उष्णतेने आणि घासण्याने खालचा बर्फ वितळतो आणि लगेच काचेसारखा गोठतो. त्या गाडीने स्वतःचीच नव्हे, तर मागून येणाऱ्या प्रत्येकाची वाट निसरडी करून ठेवलेली असते.

आता मनालीचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि अटल बोगद्याचे दक्षिणेकडचे तोंड सुमारे ३,०६० मीटरवर. म्हणजे पंचवीसएक किलोमीटरमध्ये एक हजार मीटरचा चढ, आणि काही वळणांवर तो सरासरीपेक्षा बराच तीव्र आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि बाजूला सारलेला बर्फ टाकायला जागा मोजकी. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा हा बोगदा खुला होण्यापूर्वी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की पलीकडचे लाहौल खोरे कित्येक महिने तुटलेले असे. तेव्हा हिवाळ्यात पर्यटक फार वर जातच नसत. बोगद्यामुळे लाहौलच्या लोकांची मोठी सोय झाली, विशेषतः आजारी माणसांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याचबरोबर नाताळच्या आठवड्यात एका दिवसात हजारो गाड्या अशा उंचीवर जाऊ लागल्या, जिथे दुपारी ऊन असते आणि चार वाजता हिमवर्षाव सुरू होऊ शकतो. २३ डिसेंबर २०२४ रोजी सोलंग ते बोगदा या टप्प्यात सुमारे एक हजार वाहने अडकली, आणि चारच दिवसांनी सोलंग नाल्यापाशी पुन्हा तेवढीच वाहने आणि त्यांतले सुमारे पाच हजार पर्यटक अडकले. पोलिसांनी रात्री, कडाक्याच्या थंडीत, गाड्या एकेक करून हाताने वळवून आणि ढकलून खाली आणल्या.

हे फक्त आपल्याकडेच होते असे समजू नका. २८ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जेमतेम सहा सेंटिमीटर बर्फ पडला आणि सारे शहर रस्त्यावर अडकले, कारण बर्फ सुरू झाल्यावर शाळा, कार्यालये आणि दुकाने एकाच वेळी सुटली, गाड्यांच्या चाकांखाली बर्फ वितळून गोठला आणि मीठ टाकणाऱ्या गाड्यांना पुढे जायला वाटच उरली नाही. अनेक मुलांनी ती रात्र शाळेत, तर काहींनी शाळेच्या बसमध्ये काढली. बर्फ थोडा, पण सवय नाही, साधने थोडी आणि सगळ्यांची निघण्याची वेळ एकच, हे मनालीच्या नाताळाचेही वर्णन आहे.

बर्फ हटवण्याचे काम किती असते याचाही अंदाज घ्या. सात मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यावर फूटभर ताजा, भुसभुशीत बर्फ पडला तर त्याचे वजन दोनशे टनांच्या घरात जाते, आणि तो दबला किंवा ओला झाला की तेवढ्याच जाडीचे वजन दुपटी-तिपटीने वाढते. सीमा रस्ते संघटनेचे लोक डोझर, जेसीबी आणि स्नो कटर घेऊन हे काम करतात. स्नो कटर बर्फ कापून दूर फेकतो आणि डोझर तो कडेला लोटतो. काश्मीर आणि लडाख यांना जोडणाऱ्या झोजिलावर हेच लोक वसंताच्या तोंडाशी बर्फाच्या भिंती कापून वाट काढतात. परदेशात ज्या मिठाचा इतका वापर होतो, ते बर्फाचा गोठणबिंदू खाली आणते, पण पारा उणे दहाच्या खाली गेला की साध्या मिठाचा प्रभाव फारच मंद होतो. म्हणून डोंगरात वाळू आणि बारीक खडी टाकणे जास्त भरवशाचे ठरते. वाळू बर्फ वितळवत नाही, फक्त चाकाला धरायला काहीतरी देते. धुंडीच्या वर हिमस्खलनाची भीती असते आणि तसा इशारा आला की रस्ता कोरडा असला तरी बंद ठेवतात. त्यावरून नाक्यावरच्या पोलिसांशी हुज्जत घालणारे पर्यटक पाहिले की मला मनापासून वाईट वाटे.

सर्वांत फसवा बर्फ मात्र पडलेला नसतोच. दिवसा कडेचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर ओघळते आणि संध्याकाळी ते पातळ, पारदर्शक थरात गोठते. खालचे डांबर दिसत राहते, रस्ता नुसता ओला वाटतो. यालाच ब्लॅक आइस म्हणतात. देवदारांच्या सावलीतली वळणे, पूल आणि नाल्यांवरच्या मोऱ्या या त्याच्या ठरलेल्या जागा आहेत, कारण पुलाला खालून जमिनीची ऊब मिळत नाही. शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ फार थंड बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा सूक्ष्म थर असतो. म्हणूनच ‘आज तेवढी थंडी नाही’ हा दिलासा रस्त्यावर लागू पडत नाही.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी संध्याकाळी पाचच्या सुमारास सोलंगहून उतरत होतो. पलचानच्या वरच्या एका सावलीतल्या वळणावर मी सवयीने ब्रेक दाबला आणि गाडी वळलीच नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरलेले असताना ती सरळ जात राहिली आणि सुदैवाने डोंगराच्या बाजूच्या बर्फात रुतली. मागून येणाऱ्या एका स्थानिक टॅक्सीवाल्याने आपली गाडी बरीच वर, सपाटीवर उभी केली, चालत खाली येऊन फावड्याने माझ्या चाकांपुढे माती टाकली आणि म्हणाला, “साहब, यहाँ ब्रेक से नहीं, गिअर से उतरते हैं.” आपण घाटात शिकतो की ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, तिथे त्याच नियमाचे फार कडक रूप पाळले जाते. वळण येण्याआधी सरळ रस्त्यावरच वेग चालण्याइतका करायचा, पहिल्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी धरू द्यायची, आणि वळणात ब्रेक, अॅक्सिलरेटर व क्लच यांपैकी कशालाही धक्का लावायचा नाही. टायरची जी थोडी पकड शिल्लक असते ती वळायला तरी वापरता येते किंवा थांबायला तरी. दोन्ही एकदम मागितले तर ती दोन्हीकडे कमी पडते.

चढताना तिथले चालक पुढची गाडी माथ्यावर पोहोचेपर्यंत खालीच, सपाट जागी थांबतात आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या हळू वेगाने, मध्ये न थांबता पूर्ण चढ एका दमात काढतात. पर्यटक नेमके उलटे करतात : पुढच्याला चिकटून निघतात आणि तो थांबला की चढाच्या मध्यावर थांबतात. मागचा भाग घसरू लागला तर मागचा भाग ज्या बाजूला जातो त्याच बाजूला स्टिअरिंग हलकेच वळवायचे. पुढची चाके घसरली तर अॅक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग थोडे सरळ करायचे म्हणजे पकड परत येते. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत थांबण्याची वेळ आलीच तर ब्रेक दाबून धरायचा, पायाखालची थरथर पाहून सोडायचा नाही. आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाके ओढणारी गाडी चढताना खरोखर उपयोगी पडते, पण थांबताना तिलाही इतर गाड्यांइतकेच अंतर लागते. दरीकडे घसरलेल्या गाड्यांत मी अशा गाड्या पुष्कळ पाहिल्या आहेत.

चाकांना लावायच्या साखळ्यांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे चुका फार होतात. साखळी ओढणाऱ्या चाकांना लावायची, म्हणजे आपल्या बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या. तिचे माप टायरच्या कडेवरील आकड्यांशी जुळले पाहिजे. लावल्यावर शे-दोनशे मीटर जाऊन पुन्हा घट्ट करावी, ताशी तीस-चाळीसच्या वर जाऊ नये आणि कोरडे डांबर लागताच काढावी, नाहीतर साखळी तुटून चाकाच्या आतल्या भागाला इजा करते. फक्त पुढे साखळी असलेली गाडी उतारावर जोराचा ब्रेक लागला तर मागून फिरते, हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. शक्य असेल तर घरच्या अंगणात एकदा साखळी लावून पाहा. गोठलेल्या बोटांनी, टॉर्चच्या उजेडात ते शिकणे फार कठीण आहे. टायरचे म्हणाल तर आपल्याकडच्या टायरचे रबर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागते. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायरची सक्ती आहे, ती याच कारणाने.

पुण्याहून निघण्याआधी रेडिएटरमधले कूलंट तपासून घ्या. आपल्याकडे त्यात नुसते पाणी भरण्याची सवय आहे आणि ते पाणी गोठून फुगले तर रेडिएटर किंवा इंजिन फुटू शकते. गाडी डिझेलची असेल तर डोंगरात पोहोचल्यावर तिथल्या पंपावर इंधन भरा, कारण थंडीत डिझेलमधले मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले ते याचसाठी. रात्री गाडी हँडब्रेकवर ठेवू नका, तो गोठतो; गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा.

आणि अडकलातच, तर हे एवढे मात्र कृपया लक्षात ठेवा. ७ आणि ८ जानेवारी २०२२ च्या रात्री पाकिस्तानातल्या मरी या गिरिस्थानी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. बर्फाने सायलेन्सरची नळी बुजते, हीटरसाठी चालू ठेवलेल्या इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गाडीत भरतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. इंजिन लावण्यापूर्वी दर वेळी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, दहा मिनिटे चालवून बंद करा आणि वारा ज्या बाजूने येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. एका माणसाने जागे राहावे. गाडीत ब्लँकेट, पाणी, सुका खाऊ, लहानसे फावडे आणि एक पोते वाळू असू द्या.

तुमच्या बेताबद्दल माझे स्पष्ट मत असे की स्वतःची गाडी मनालीपर्यंत न्यावी, तिथे ती ठेवावी आणि सोलंग किंवा सिस्सूला स्थानिक चालकाच्या फोर बाय फोर टॅक्सीने जावे. सकाळी रस्त्यावर ऊन आल्यावर, म्हणजे दहाच्या सुमारास निघा. दोन वाजता चालक म्हणाला की आता परत फिरू, तर आकाश निळे असले आणि मुलांचे बर्फात खेळणे संपलेले नसले, तरी गाडीत बसा.