मामंजींना कोंडू नका, कामाला लावा

"ताई, सासरे 74 वर्षांचे, निवृत्त मास्तर. मागच्या वर्षी औरंगाबादच्या डॉक्टरांनी सौम्य स्मृतिदोष सांगितला. मार्चपर्यंत बरं चाललं होतं. लॉकडाऊनपासून दिवसभर कोरोनाच्या बातम्या बघतात, एकच गोष्ट दहादा विचारतात. पहाटे मास्क न लावता पाराकडे निघतात, अडवलं की 'मला काहून कोंडलं?' म्हणून ओरडतात. आषाढी झाली तरी 'दिंडी कधी निघते?' चालूच. खरं सांगितलं की डोळे भरून येतात. नवरा 'आत्ताच सांगितलं ना!' म्हणून खेकसतो. शेती दीर बघतात, घरचं सगळं माझ्यावर. आजार वाढला का? गेटला कुलूप लावू का?"
– एक सून, परभणी जिल्हा (2020)

बाई, आजार वाढला की नाही हे पत्रावरून सांगता येत नाही. एवढं मात्र नक्की, की असं निदान झालेल्या प्रत्येकाला पुढे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होतोच असं नाही. आणि मार्चपर्यंत त्यांचं कशावर भागत होतं ते बघा. पार, देऊळ, पेपर, सोबती, आठवडी बाजार. वार लक्षात ठेवायची त्यांना गरजच नव्हती, बाजार भरला की कळायचं. 25 मार्चपासून ते सगळं एकदम बंद. (वार तर हल्ली माझेही चुकतात.) त्यात ताण नि अपुरी झोप असली की चांगल्या डोक्याचाही गोंधळ उडतो.

कुलूप नको. भीती आणखी वाढेल. गाव कंटेनमेंट झोनमध्ये, म्हणजे कोरोनामुळे बंद केलेल्या भागात, नसेल तर पहाटे, गर्दी व्हायच्या आत, कुणीतरी सोबत फेरी मारून आणा. मास्क टोपीच्याच खुंटीला अडकवा. बातम्या दिवसातून एकदाच.

आणि त्यांना खरं काम द्या, वेळ घालवायचं नव्हे. यंदा सोयाबीन उगवलं नाही म्हणून आपल्याकडे दुबार पेरणीची पाळी आलीय. दिरांना म्हणावं, बियाणं आधी मामंजींकडून तपासून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत 100 दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी मोड आलेले मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर बियाणं पास. वहीत रोज तारीख नि वार घालून नोंद त्यांनीच करायची. मास्तरांना पास-नापास ठरवायला कोणी शिकवायला नको.

दिंडीचं तेवढं जपून. "यंदा पालख्या पायी गेल्याच नाहीत, पादुका एसटीनं गेल्या" हे त्यांना दर वेळी नव्यानं लागतं. खोटं बोलू नका, पण दहादा तेच ऐकवूही नका. "वारीची आठवण येते का? तुमच्या दिंडीत कोण कोण असायचं?" असं विचारा. जुनं त्यांना चांगलं आठवत असणार. "ओळखा बरं, हा कोण?" असल्या परीक्षा मात्र बंद.

डॉक्टरांना फोन कराच. बी-12 जीवनसत्त्व, थायरॉइड तपासायचं का, ऐकू कमी येतंय का, झोपेची गोळी चालू आहे का, हे विचारा. यातल्या कशाचाही बिघाड असला तर विसराळूपणा वाढू शकतो. पण एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागले, गुंगीत राहिले, तर फोनवर भागवू नका, त्याच दिवशी दाखवा. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, म्हाताऱ्या माणसांत कोरोनासुद्धा असा दिसतो, कधी तापाशिवायही.

राहिले तुमचे यजमान. हे उत्तर त्यांना वाचायला द्या. दिवे लागणीच्या सुमाराला अशी माणसं जास्त बेचैन होतात आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही चुलीपुढे असता. तेव्हा सहा ते आठ मामंजींजवळ बसायचं, हरिपाठ म्हणायचा, ही पाळी त्यांची. वडील त्यांचे आहेत!