काल्पनिक देशातला सुधारक राष्ट्राध्यक्ष खरा कसा वाटेल?

तुमच्या कादंबरीतला देश नावापुरता स्वतंत्र आहे, सूत्रं परकीयांकडे आहेत, आणि निवडून आलेला सुधारक राष्ट्राध्यक्ष वाचकाला खरा कसा वाटेल असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर त्याची भाषणं कमी करा. देशातलं बंदर कुणाचं आणि रेल्वे कुणाची, ते आधी ठरवा.

या बाबतीत माझ्या डोळ्यांसमोर कायम मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाचे हाकोबो आर्बेन्झ येतात. १९५१ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा पुएर्तो बारिओस हे अटलांटिक बाजूचं बंदर आणि तिथवर जाणारी रेल्वे, दोन्हींवर युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीची पकड होती. आर्बेन्झ यांनी त्या रेल्वेला पर्याय म्हणून किनाऱ्यापर्यंत सरकारी महामार्ग बांधायला काढला. असा माणूस मला घोषणा देणाऱ्यापेक्षा कितीतरी जिवंत वाटतो.

मग १९५२ चा जमीन सुधारणा कायदा आला. मोठ्या मालकांच्या पडीक जमिनी भूमिहीनांना गेल्या, त्यात आर्बेन्झ यांची स्वतःचीही होती. मोबदला ठरला तो करासाठी मालकाने स्वतःच लिहून दिलेल्या किमतीवर! कर वाचवायला कंपनीने किंमत वर्षानुवर्षं कमी दाखवली होती. त्यामुळे पहिल्या मोठ्या संपादनासाठी सरकारने सुमारे ६ लाख २७ हजार डॉलरचे रोखे देऊ केले. त्यावर जवळपास १ कोटी ५८ लाख डॉलरची मागणी आली, आणि ती कंपनीच्या वतीने थेट अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने केली. परकीय वर्चस्व दाखवायला तुम्हाला रणगाडे लागणारच नाहीत, हा एक कागद पुरे आहे.

त्यांना देवमाणूस मात्र करू नका. शेवटच्या दिवसांत आर्बेन्झ सरकारनेही नागरी हक्क स्थगित केले, विरोधकांची धरपकड केली. हे वाचताना मला त्रास होतो, पण ते गाळलं तर माणूस खोटा वाटेल.

आर्बेन्झ यांना हटवायला सीआयए या अमेरिकन गुप्तहेर संस्थेने उभी केलेली फौज काहीशे जणांचीच होती. पण अमेरिका स्वतः उतरेल या धास्तीने लष्करी अधिकारी लढायला तयार झाले नाहीत, आणि २७ जून १९५४ ला आर्बेन्झ यांनी राजीनामा दिला. ते स्वतः लष्करातलेच, संरक्षणमंत्रीही राहिलेले. पाठ फिरवणारे त्यांच्या ओळखीचे होते. तुमच्या राष्ट्राध्यक्षाचा लष्करातला सर्वांत जवळचा मित्र कोण, हे ठरलं नसेल तर पुढचं प्रकरण लिहिण्याआधी ते ठरवा.