लोगो म्हणजे माटोळी नव्हे

प्रश्न : मास्तर, आमचा गाव गोव्यातल्या बार्देशात, खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या, काठावर. गेल्या वर्षी आम्ही गावची संस्था नोंदवली. सुरुवात तशी योगायोगानेच झाली. पावसात बांध फुटला, खारे पाणी शेतात शिरले आणि अख्खा गाव चिखल उचलायला उतरला. तीच माणसे पुढे संस्थेत आली. हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत. आता लोगो करायचा आहे. पाच जणांची समिती नेमली, तीन बैठका झाल्या आणि निष्पन्न झाले ते भांडण. कोणाला देवळाची दीपमाळ हवी, कोणाला कपेलाचा खुरीस, म्हणजे क्रूस. शिवाय माड, उगवता सूर्य, नांगर, पुस्तक, फुटबॉल आणि होडी आहेतच. संस्थेचे नाव नऊ शब्दांचे. ते देवनागरीत लिहावे की रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, यावरही दोन तट पडलेत. एका मुलाने एआयवर चार लोगो करून आणले, तेही सोबत पाठवतो. रंग किती वापरावेत? स्पर्धा ठेवावी का?
— सचिव, एक ग्रामसंस्था

उत्तर : सचिवबाब, तुमच्या यादीतल्या वस्तू मोजल्या. आठ भरल्या. त्यात नावाचे नऊ शब्द. हा लोगो नव्हे, चवथीला गणपतीच्या वर फळे-फुले बांधून टांगतात ती माटोळी झाली. माटोळीला जितकी फळे बांधाल तितकी ती शोभते. लोगोचे नेमके उलटे आहे.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. म्हापशात मी आधी पत्र्यावर बोर्ड रंगवले आणि मग कॉम्प्युटरपुढे बसलो. त्या काळात एका भजनी मंडळाला लोगो करून दिला. मृदंग, टाळ, वीणा, तुळशीवृंदावन आणि भोवती गोल अक्षरे, असे सगळे सात रंगांत. काचेच्या फ्रेममध्ये तो फार देखणा दिसला. मग मंडळाने त्याचाच रबरी शिक्का करून घेतला. पावतीपुस्तकावर पहिला शिक्का उठला तेव्हा खजिनदार म्हणाले, "मास्तर, हे जांभूळ कशाला ठेचलंत?" त्या दिवसापासून माझा नेम आहे : आधी शिक्का, मग बॅनर. दहा रुपयांच्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवा आणि जे काढायचे ते त्या गोलात काढा. काळ्या शाईत, झेरॉक्स मारूनही जे ओळखू येते ते ठेवा. बाकीचे गेले तरी चालेल. व्हॉट्सअ‍ॅपचा डीपीही गोलच असतो, चौकोनी लोगोचे कोपरे तिथे उडतात.

आता काढायचे काय? उत्तर तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही ते येता येता लिहून गेलात. बांध फुटला तेव्हा संस्था झाली. मग दीपमाळ आणि खुरीस यांत निवड करत का बसता? दोन्ही तुमच्या गावच्या, पण दोन्ही आपापल्या जागी बऱ्या. लोगो टी-शर्टवर जातो, घामाने भिजतो. बॅनरवर जातो आणि कार्यक्रम संपला की पायाखाली येतो. देवाला तिथे कशाला न्यायचे? दोन्ही चिन्हे शेजारी शेजारी ठेवून समेट करायचा विचार असेल, तर कोणते डावीकडे यावर चौथी बैठक होईल.

तुमच्या बांधाला मानस, म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी दारे, असणारच. ती काढा. नदीच्या बाजूने उघडझाप करणारी लाकडी दारे आणि दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे बांधकाम. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने दारे मिटतात आणि खारे पाणी बाहेर राहते. ओहोटी लागली की आतले पाणी दारे ढकलून निघून जाते. माणसाने रात्री उठून दार लावायची गरज नाही. दोन उभे खांब, वर आडवा तुळवट, मध्ये दोन दारे, खाली लाटेची एकच रेघ. नाण्याच्या गोलात हे आरामात मावते. आणि गावातले शेंबडे पोरही म्हणेल, ही आमची मानस. माड-सूर्य तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक शॅकच्या पाटीवर आहे.

साधेपणाने संस्था लहान दिसेल अशी भीती असेल, तर स्टेट बँकेकडे बघा. निळा गोल, मध्ये भोक, त्यातून खाली उतरणारी फट. शेखर कामत यांनी १९७१ मध्ये केलेले ते चिन्ह आजही देशभर पाट्यांवर आहे.

रंग एकच घ्या. टी-शर्ट स्क्रीन प्रिंटिंगने छापता तेव्हा प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि खर्च तसा चढतो. मी कावेचा तांबडा घेईन. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीकाम बघितले असेल : तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, दोनच रंगांत वेली, पक्षी, देव सगळे उभे राहतात. तो तांबडा आपल्याच जांभ्या मातीचा आहे. आणि तुमच्या मानशीचे चिरेही त्याच रंगाचे.

लिपीच्या भांडणात मी पडत नाही. गोव्यात त्यात पडलेला माणूस कोरडा बाहेर येत नाही. तोडगा एवढाच, की चिन्हाच्या आत अक्षर नको. नाव खाली वेगळे, हवे तर दोन लिप्यांत दोन ओळी. गोलाभोवती नऊ शब्द फिरवाल तर शिक्क्यात जोडाक्षरांची पोटे शाईने भरतील. आणि अक्षरे फाईलमध्ये 'कर्व्ह' करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकृती म्हणून, ठेवायला सांगा. नाहीतर दुसऱ्या प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की वेलांट्या भलत्याच अक्षराला लटकतात. मूळ फाईल व्हेक्टर हवी, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फुटणारी : सीडीआर किंवा एसव्हीजी, आणि सोबत पीडीएफ. फक्त जेपीजी हाती आली तर मोठ्या बॅनरवर कडा फुटतील.

एआयचे चारही लोगो पाहिले. तिसऱ्यातली अक्षरे लांबून देवनागरी वाटतात, जवळ गेल्यावर कोणत्याच भाषेत वाचता येत नाहीत. मुलाला रागावू नका, त्याला मानस बघायला पाठवा.

स्पर्धा ठेवू नका. पन्नास कागद येतील, चाळीसांवर माड असेल आणि एकोणपन्नास घरे रुसतील. चांगला हात असलेला एकच माणूस धरा. पणजीला आल्तिनोवर कला महाविद्यालय आहे, तिथे शिकणारे कोणी गावात असेल तर उत्तम. त्याला पैसे द्या, थोडे का होईना, आणि हक्क लेखी लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क हस्तांतरित करायचा तर तो सहीनिशी कागदावरच व्हावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाचच वर्षांची धरतात. "आपलाच भुरगा (पोरगा), कागद कशाला" असे म्हणणारा समितीत एक तरी असेल. त्याचे ऐकू नका. आणि कोणी अशोकस्तंभाचे सिंह घालू म्हणाला तर तेही नको, त्याविरुद्ध २००५ चा कायदा आहे.

फोटो काढायला जाल तेव्हा ओहोटीची वेळ बघून जा. भरतीत अर्धी मानस पाण्याखाली असते, दारे दिसणार नाहीत.