२१४७४८३६४७ : प्राइम आहे म्हणून की योगायोग?

प्रश्न : एका गेममध्ये माझा स्कोर २१४७४८३६४७ वर जाऊन अडकला, पुढे सरकेचना. मित्र म्हणतो हा प्राइम नंबर आहे म्हणून कंप्युटरवाले तो वापरतात. खरंय का? आणि कंप्युटर नव्हते तेव्हा एवढा मोठा आकडा प्राइम आहे हे कुणी कसं शोधलं?

उत्तर : मित्राचं अर्धं बरोबर. प्राइम, म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग न जाणारी मूळ संख्या, तो आहेच, पण स्कोर अडकण्याशी त्याचा काही संबंध नाही. असे गेम स्कोर ३२ बिटमध्ये, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागांत, साठवतात. त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी गेला की उरले ३१, आणि त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, बास. ती मूळ संख्या नसती तरी स्कोर तिथेच अडकला असता.

खरी गंमत तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. ही संख्या प्राइम आहे हे सिद्ध केलं ऑयलर या गणितज्ञाने, १७७२ च्या एका पत्रात, आणि तेव्हा त्याला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं! आता साध्या पद्धतीने जायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, त्या भरतात ४७९२, कोण बसणार करत. पण या संख्येचा साचाच असा आहे की तिला कोणीही सोम्यागोम्या भागू शकत नाही. समजा एखाद्या मूळ संख्येने तिला भाग गेला, तर त्या संख्येने २ च्या घातांना भागत गेल्यावर येणाऱ्या बाक्या दर ३१ पायऱ्यांनी परत पहिल्यापासून सुरू होतात, आणि गणितज्ञ फर्माच्या नियमाने (२ चा ‘भाजक वजा १’ वा घात त्या भाजकाने भागला की बाकी १ च येते) त्या भाजकातून १ वजा केल्यावर जे उरतं त्याला ३१ ने भाग जायलाच हवा. ते सम पण असणार, म्हणजे ६२ ने भाग जाणार. वर आणखी एक अट, भाजकाला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च. दोन्ही अटी एकत्र केल्या की दर २४८ संख्यांमागे फक्त दोन जागा उरतात : २४८ ने भागून बाकी १ येणाऱ्या, नाहीतर ६३ येणाऱ्या.

करून बघा. ६३ मूळ नाही, २४९ ला ३ ने भाग जातो, मग ३११, हा पहिला खरा उमेदवार, पण त्याने भागलं तर बाकी ३५. पुढचे ४९७, ५५९, ७४५ वगैरे सगळे बाद होत होत दुसरा उमेदवार येतो तो थेट १३०३. असे ४६३४० पर्यंत ऐंशीच्या आसपासच भागाकार निघतात. चिकाटी लागतेच, पण माणसाच्या आवाक्यातलं काम आहे.

आता मित्राची थोडी बाजू घेतो. रँडम नंबर बनवायची एक जुनी प्रसिद्ध पद्धत आहे, हातातल्या आकड्याला १६८०७ ने गुणायचं, २१४७४८३६४७ ने भागायचं, बाकी हा पुढचा आकडा. तिथे मात्र प्राइम असण्यावरच सगळं चालतं, कारण त्यामुळेच १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदा येऊन गेल्याशिवाय कुठलाच परत येत नाही. अर्थात १६८०७ (म्हणजे ७ चा ५ वा घात) पण नीट निवडलेला आहे, कुठलाही गुणक घेतला तर हे जमेलच असं नाही.