मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली ना, मग आता एवढंच बघ

अगं आधी अभिनंदन! वर्गात मुली चारपाचच आहेत म्हणून घाबरू नकोस, आमच्या वेळी आम्ही तिघीच होतो आणि छान निभावलं.

सगळ्यात मोठी चूक, जी मीही केली, म्हणजे वर्कशॉपमधे फाइल (म्हणजे कानस) मुलांच्या हातात आणि जर्नल आपल्या हातात. "तुझं अक्षर छान आहे, तू लिही" असं गोड बोलूनच होतं ते. तर पहिल्या दिवशीच जॉब, म्हणजे घासायला दिलेला धातूचा तुकडा, स्वतः व्हाइसमधे (टेबलावरच्या शिकंज्यात) आवळ, स्वतः घास, ट्रायस्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडाकडे धरून बघ, फट दिसली तर परत घास, वाकडा झाला तरी चालेल पण तुझा हात बसला पाहिजे. ग्रुप प्रोजेक्टमधे पण तेच, नुसती पीपीटी गळ्यात घेऊ नकोस.

बाकी कागदपत्रांचं, यात मुली हमखास मागे राहतात:
- घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती स्कॉलरशिप बघ, वर्षाला ५० हजार. आणि कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) आलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना २०२४ पासून ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढ.
- कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीची (लैंगिक छळाच्या तक्रारी घेणारी) नावं फोनमधे ठेव. लेखी तक्रार ३ महिन्यांच्या आत करायची असते, "जाऊदे" म्हणत बसलं की मुदत निघून जाते.

गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा), पीएचडी वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नकोस, तिसऱ्या वर्षी बोलू. पहिला जॉब झाला की फोटो पाठव मला.