फी तुम्ही भरलीत, तास तिला करायचे आहेत

प्रश्न : मुलगी पुण्यात एस.वाय.बी.ए.ला आहे. कॉलेज सांभाळून जपानी शिकते, जुलैत जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन-५ ही पहिली पायरी पास झाली, आता एन-४ म्हणते. माझ्या मित्राचा मुलगा जर्मनीत सेटल झाला, म्हणून आम्ही तिची जर्मनच्या ए-१, म्हणजे पहिल्या पातळीच्या, बॅचची फी भरली. ती नाराज आहे. दोन भाषांची सर्टिफिकेट्स असली की नोकरीचे चान्स दुप्पट होतील ना? टाइमटेबल कसं बसवावं? – एक पालक, सातारा

उत्तर : टाइमटेबल मी देणार नाही. तुमच्या पत्रात मित्राचा मुलगा आहे (तो तिथे काय शिकून गेला, हे मात्र नाही), भरलेली फी आहे, आणि मुलीच्या मनाबद्दल एकच वाक्य, ‘ती नाराज आहे’, तेही तक्रारीच्या सुरात. अहो, कुणी मागे न लागता एक परीक्षा पास होऊन पुढचीची तयारी करणारं पोर घरात असावं म्हणून लोक नवस बोलतात. फी भरण्याआधी तिला विचारलं होतंत का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही.

आता ते ‘दुप्पट’. ए-१ म्हणजे स्वतःची ओळख करून देणं, गाडीची वेळ विचारणं, दुकानात पाव मागणं. एन-५ साधारण त्याच पायरीवर, शिवाय जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, नुसते पर्याय निवडायचे. अशी दोन सर्टिफिकेट्स बायोडेटावर शेजारी शेजारी लावली तरी त्यांची बेरीज होत नाही. दुभाष्याच्या किंवा भाषांतराच्या कामाला सहसा एन-२ मागतात (इथे आकडा उतरतो तशी पातळी चढते), काही ठिकाणी एन-३ वर घेतात. जर्मनचंही तसंच, बी-२च्या, म्हणजे चौथ्या पातळीच्या, अलीकडे निव्वळ भाषेच्या जोरावर काम मिळणं अवघड. एन-५ला शंभरेक कांजी (चिनी लिपीतून आलेली चिन्हं) पुरतात, एन-२ला त्या हजाराच्या घरात जातात. त्या रोज गिरवाव्या लागतात. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एन-४, आगेमागे सेमिस्टर, आणि त्यातच तिने जर्मन नामांच्या लिंगांचं डेर-डी-डास घोकायचं?

दोन भाषांचा डोक्यात गोंधळ होतो म्हणून मी नको म्हणत नाहीये. जपानी आणि जर्मन इतक्या वेगळ्या आहेत की सहसा एकमेकींत मिसळत नाहीत. अडचण आहे ती दोन्ही बाळबोध पातळीवर एकदम रेटण्याची. एन-३ होऊ दे, मग वाटलं तर तीच जर्मनचं नाव काढेल. तोवर जपानीत मराठी माणसाला थोडा आयताच फायदा आहे: ‘वाताशी वा पुणे नि इकिमासु’, मी पुण्याला जाते. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, ‘ला’सुद्धा नामाच्या मागेच.

जर्मनीच डोक्यात असेल, तर तिथे इंग्रजीतूनही मास्टर्स करता येतं आणि बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते. पण त्यासाठी आधी विषय पक्का हवा. आणि मला खरी काळजी तिथे आहे. मुलगी बी.ए. कशात करतेय, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. अर्थशास्त्र? मानसशास्त्र? जपानी येणारी आणि हिशेब, आयात-निर्यात किंवा कंपनीचं कामकाज कळणारी मुलगी नुसत्या जपानीवालीच्या पुढे जाते. टी.वाय.ला जाण्याआधी यावर तिच्याशी बोला. खरं तर पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.

फीचं म्हणाल, तर बॅच सुरू व्हायच्या आत संस्थेत जाऊन विचारा, काही परत मिळतंय का. नाहीच मिळालं तर तुम्ही स्वतः बसा. ए-१ला वयाची अट नसते.